दत्तक नको, जोडणी हवी

शाळेने गावातल्या संस्थांशी नाते जोडावे, असे म्हटले की शिक्षकांच्या बैठकीत ठरलेली उत्तरे येतात. पोर्शन पूर्ण होत नाही, त्यात हे कुठे बसवायचे? बाहेरचे लोक येतात, भाषण करतात, फोटो काढतात आणि तास वाया जातो. शिवाय सरकारला शाळांची जबाबदारी झटकायची आहे आणि ही त्याचीच वाट आहे. यातला एकही आक्षेप पोकळ नाही. पण त्यावरून शाळेने आपले दार लावून घ्यावे, असा जो निष्कर्ष काढला जातो तो मला मान्य नाही.

जबाबदारी झटकण्याचा आक्षेप सर्वांत भक्कम आहे, म्हणून तोच आधी घेतो. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने शाळा दत्तक देण्याचा निर्णय काढला. देणगीदाराने पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यायची, वस्तू आणि सेवांच्या रूपात मदत करायची, आणि ठरावीक मूल्याच्या वर मदत गेली की त्याला आपल्या पसंतीचे नाव शाळेच्या नावाला जोडता येणार. या योजनेला विरोध झाला आणि तो रास्तच होता. वर्गखोल्या, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह या गोष्टी 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना हक्क म्हणून दिल्या आहेत. हक्काची गोष्ट देणगीतून मिळू लागली की शाळेला हात जोडून उभे राहावे लागते. त्याहून मोठा दोष असा की या सगळ्या व्यवहारात वर्गात काय शिकवले जाते हा प्रश्नच येत नाही. भिंत रंगते, संगणक येतात, पाठ मात्र होता तसाच राहतो.

मी जी जोडणी म्हणतो तिच्यात पैशाची देवघेव नाही आणि नावाची पाटीही नाही. तिची सुरुवात देणगीदाराकडून न होता पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या घटकापासून होते. एक उदाहरण जवळून पाहू.

पश्चिम महाराष्ट्रात गावोगावी दूध संस्था आहे. सकाळी किटल्या घेऊन माणसे येतात, नमुना काढला जातो, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ) तपासले जाते आणि पावती हातात पडते. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली गेलात की पॉइंटामागे पैसे कापले जातात. शेकडेवारी आणि दशांश अपूर्णांक शिकणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरात ही पावती रोज येते. तिच्यावरचा हिशेब बरोबर आहे का, हे त्या घरात कुणालाच पडताळता येत नसेल, तर सातवीच्या गणिताने नेमके काय केले?

आता लॅक्टोमीटर घ्या. दुधात पाणी घातले की तो जास्त बुडतो आणि रीडिंग उतरते, हे गावातल्या पोरांना ऐकून माहीत असते. पण दुधावरची मलई काढून घेतली तर? मलई हलकी असते, ती गेल्यावर उरलेल्या दुधाची घनता वाढते आणि रीडिंग चढते. मग त्यात बेताने पाणी घातले की रीडिंग पुन्हा पहिल्या जागी येते. म्हणजे दोन लबाड्या एकमेकींना झाकतात आणि लॅक्टोमीटर फसतो. ही चोरी पकडायची कशी? त्यासाठी फॅट वेगळे मोजावे लागते. हा प्रश्न शिक्षकाने वर्गात टाकावा, मुलांना दोन दिवस डोके खाजवू द्यावे आणि मग संस्थेत नेऊन दोन्ही मोजमापे त्यांच्या हातून करून घ्यावीत. ताज्या, कोमट दुधाचे रीडिंग गार दुधापेक्षा कमी का येते, हेही तिथेच विचारावे. ‘वस्तुमान भागिले आकारमान’ हे सूत्र घोकणारा मुलगा आणि या प्रश्नातून गेलेला मुलगा यांच्या समजेत जमीन-अस्मानाचा फरक असतो. यासाठी खर्च शून्य आणि वेळ दोन तासिकांचा. दूध संस्थेचा सचिव इथे पाहुणा म्हणून येत नाही, त्याला भाषणही करायचे नाही. तो फक्त आपले रोजचे काम मुलांसमोर करतो. प्रश्न शिक्षकाचा असतो.

पोर्शनचे काय? या आक्षेपाला इतिहासानेच उत्तर दिले आहे. मध्य प्रदेशात 1972 मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्थानिक संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. शाळा सरकारी, शिक्षकही सरकारी. 1978 मध्ये तो जिल्हाभर गेला, आणि 1982 मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो पुढे चालवला. मुले प्रयोग करून शिकत, शास्त्रज्ञ शिक्षकांबरोबर बसून धडे लिहीत. त्या लोकांनी परीक्षाही बदलून घेतली, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुले पुस्तक उघडून उत्तरे लिहीत आणि प्रात्यक्षिकालाही गुण असत. पोर्शनची खरी अडचण इथेच सुटते. परीक्षा व्याख्या विचारत राहिली तर शिक्षक व्याख्याच पाठ करून घेणार, त्याला दोष देता येत नाही. 2002 मध्ये तिथल्या शासनाने कार्यक्रम बंद केला. बंद झाला म्हणजे फसला, असे अनेक जण मला ऐकवतात. तीस वर्षे सरकारी शाळांत चाललेली गोष्ट एका शासकीय निर्णयाने थांबली, यावरून तिच्या गुणवत्तेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. फार तर एवढे दिसते, की अशी जोडणी केवळ वरच्या आदेशावर उभी राहू नये.

आणखी एक आक्षेप आहे. तो बैठकीत कमी बोलला जातो, पण माझ्या मते त्याचा विचार झालाच पाहिजे. स्थानिक कारागिरांकडून शिका म्हणजे शेवटी कुंभाराच्या पोराने मडकी घडवावीत आणि चांभाराच्या पोराने चपला शिवाव्यात, असेच ना? ही भीती काल्पनिक नाही. 1953 मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. लोकांनी तिला कुलधंद्याचे शिक्षण म्हटले आणि कडाडून विरोध केला. 1954 मध्ये राजाजी पायउतार झाले, त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी योजना रद्द केली, आणि योग्य केले. जातीने वाटून दिलेली कामे शाळेने पुन्हा त्याच मुलांच्या पदरात टाकणे हा अन्याय आहे.

पण याला उत्तर पाबळला मिळते. पुणे जिल्ह्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी आखलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय माध्यमिक शाळांत आठवड्यातून एक दिवस शिकवला जातो. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग आहेत आणि शिकवणारे बहुधा त्याच परिसरातले कुशल लोक असतात. यातले मर्म असे की प्रत्येक मूल चारही विभागांतून जाते. मुली वेल्डिंग करतात, मुलगे स्वयंपाक शिकतात, सगळेच माती तपासतात आणि रक्तातले हिमोग्लोबिन मोजतात. इथे काम जातीचे राहत नाही, लिंगाचेही राहत नाही. बापाच्या धंद्यात मुलाला कोंडणारे शिक्षण आणि गावातले प्रत्येक काम प्रत्येक मुलाला खुले करणारे शिक्षण यांना एकाच मापाने मोजणे चूक आहे.

राहिला शिक्षकांवरच्या बोजाचा मुद्दा. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असे शिक्षणहक्क कायद्याचे 27 वे कलम सांगते. प्रत्यक्षात माहिती भरण्यातच त्याचे कितीतरी तास जातात. नव्या शैक्षणिक धोरणाने 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले, त्या काळात स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावे असे म्हटले. कल्पना चांगली आहे. पण ती परिपत्रकाने आली, फोटो अपलोड करायची सक्ती झाली आणि शुक्रवारी अहवाल मागितला गेला, तर शिक्षक ती उरकून टाकतील. त्यांना उरकण्याचाही हक्क आहे, कारण तो बोजाच असेल.

म्हणून माझे म्हणणे शासनाला कमी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना जास्त आहे. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे तिचे काम आहे. बहुतेक आराखड्यांत दुरुस्त्या आणि खरेदीच्या याद्या असतात. येत्या जूनच्या बैठकीत त्यात एक पान वाढवा. प्रत्येक इयत्तेचे दोन-तीन घटक शिक्षकांनी निवडावेत आणि त्यांपुढे गावातली जागा लिहावी: दूध संस्था, पतसंस्था, प्राथमिक आरोग्य केंद्र, वाचनालय, पाणीपुरवठ्याची टाकी. तुम्ही समितीवर असाल तर ही मागणी लेखी द्या, आणि शिक्षकाने बोलावल्याशिवाय कुठलीही संस्था वर्गात येणार नाही, ही अटही त्याच पानावर लिहून घ्या.