विंगा चार, पानं सात

एकत्र नांदणारी वस्तू माणसाला बघवत नाही. एकत्र कुटुंबं मोडली, वाड्यांचे ब्लॉक झाले. उरली होती एक्सेलमधली यादी, तर आता तिच्याही वाटण्या चालल्या आहेत. एका रकान्यात जे लिहिलं असेल त्याप्रमाणे यादी फोडायची आणि दर नावाचं वेगळं पान करायचं, याला हल्ली व्यवस्थितपणा म्हणतात. मी भाऊबंदकी म्हणतो.

मी आमच्या सोसायटीचा खजिनदार. खजिना म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि पावतीपुस्तक. सभासद ११२. नाव, विंग, महिना, रक्कम अशी सगळ्यांची मिळून एकच यादी होती. पण सेक्रेटरींना स्वस्थ बसवेना. "विंगवार पानं करू हो, ज्याचं त्याला सुटसुटीत!" त्यांच्या भाच्याने मॅक्रो लिहिला, बटण दाबलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पानं तयार! टाळ्या झाल्या. मग कुणीतरी पानं मोजली. विंगा चार, पानं सात!

झालं होतं असं, की यादी अनेक हातांनी भरलेली. कुणी 'क' लिहिलं, कुणी 'सी', तर कुणी 'क' लिहून पुढे एक मोकळी जागा सोडली. ती मोकळी जागा तुम्हाआम्हाला दिसत नाही; यंत्राला दिसते. त्याच्या लेखी हे तीन निराळे गृहस्थ. 'ड' आणि 'ड विंग' यांचंही असंच फाटलं.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग विंगेविंगेचे प्रतिनिधी आपापल्या पानावर पैसे जमा दाखवू लागले आणि मूळ यादी होती तशीच राहिली. सेक्रेटरींनी थकबाकीदारांची नावं काढली ती मूळ यादीवरून, आणि लावली जिन्याखालच्या फळ्यावर. त्यात क विंगेतल्या आजींचं नाव.

आजी तीन जिने चढून माझ्याकडे आल्या. हातात पावती, माझ्याच सहीची. पाणी दिलं, ते घेतलं नाही. म्हणाल्या, "दूधवाल्याचासुद्धा पैसा कधी ठेवला नाही हो मी. फळ्यावर लागले." मी माफी मागितली, नाव पुसलं. पण फळा वाचलेल्या माणसांच्या डोक्यातून ते कोण पुसणार?

आता मला सांगा, आपले जुने दिवाणजी काय अडाणी होते? त्यांच्याकडे रोजकीर्द होती आणि खतावणी होती. पैसा आला की आधी रोजकीर्दीत, मग तिथून ज्याच्या त्याच्या खात्यावर. सरळ खतावणीत लिहिणाऱ्या कारकुनाला त्यांनी पेढीवर उभं केलं नसतं. आम्ही मात्र खतावण्या सात केल्या आणि रोजकीर्द वाऱ्यावर सोडली.

"यादी फार मोठी होते," असं एक रडगाणं असतं. अहो, २००७ सालापासून एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. ११२ सभासदांना ते पान म्हणजे शिवाजी पार्कात पाट मांडण्यासारखं आहे. क विंग बघायची? फिल्टर लावा. छापायला वेगळी पानं हवीत? पिव्होट टेबलात विंगेचा रकाना वरच्या फिल्टरच्या खणात ठेवून 'शो रिपोर्ट फिल्टर पेजेस' म्हणा, दर विंगेचं पान हजर. एका विंगेचं दुसरीला दिसू नये, हे म्हणणं मात्र मला मान्य. तिथे फिल्टर पुरत नाही, बाकीची मंडळी पडद्याआड बसलेलीच असतात. तेवढ्या ओळी कोऱ्या फाइलीत उतरवून पाठवा. पण आधी विंगांची नावं एकसारखी करा, आणि फोडलेल्या पानावर कुणी काही लिहायचं नाही! लिहायचं ते मूळ यादीत. पानं वाचायला, यादी लिहायला.

हे सारं मी कमिटीत तावातावाने मांडलं. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "मग दर फ्लॅटचंच पान करू या." भाच्याने बटण दाबलं. यंत्र अडलं! आमचे फ्लॅट 'क/१२' असे, आणि पानाच्या नावात तिरपी रेघ एक्सेलला चालत नाही.

कमिटीत माझ्या बाजूने कुणीतरी बोललं, ते एवढंच.