विश्लेषण : ऑक्सफर्डच्या मुलाखतीत पाठांतर का चालत नाही?

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसाठी अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरला संपते आणि निवडक विद्यार्थ्यांच्या मुलाखती प्रामुख्याने डिसेंबरात होतात. मधल्या काळात ‘हमखास विचारले जाणारे प्रश्न’ विकणाऱ्यांचे फावते. पालकांनी हा खर्च वाचवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलाखत घेणारे प्राध्यापक बऱ्याचदा तेच असतात, जे पुढे शिकवणार असतात. तिथल्या ट्यूटोरियलमध्ये दोन-तीन विद्यार्थी आणि एक शिक्षक समोरासमोर बसून प्रश्न सोडवतात. मुलाखत ही त्याचीच छोटी आवृत्ती. छंद कोणते, आदर्श कोण, याला विज्ञानाच्या मुलाखतीत फारसे स्थान नाही.

नेमके काय विचारतात?

अशा धर्तीचा एक जुना प्रश्न घ्या. तळ्यात होडी, होडीत दगड. दगड पाण्यात टाकला तर तळ्याची पातळी वाढेल, उतरेल की तेवढीच राहील? आपला हुशार विद्यार्थी आर्किमिडीजचे तत्त्व घडाघडा म्हणतो आणि थांबतो. खरी मुलाखत तिथून सुरू होते. होडीत असताना दगडामुळे त्याच्या वजनाइतके पाणी बाजूला सारले जाते. तळाशी गेल्यावर फक्त त्याच्या आकारमानाइतके. दगडाची घनता पाण्यापेक्षा जास्त, म्हणून पातळी उतरते. इथवर आलात की पुढचा प्रश्न तयार : दगडाऐवजी तरंगणारा लाकडी ओंडका असेल तर? (पातळी तीच राहते. का, ते तुम्हीच शोधा.) सुरुवात चुकली तरी बिघडत नाही. इशारा मिळाल्यावर विद्यार्थी दिशा बदलतो का, हे पाहिले जाते.

आपली अडचण इथेच आहे. सीईटी, जेईईसाठी मुले गप्प बसून वेगाने पर्याय निवडायला शिकतात. त्या परीक्षांची ती गरजच आहे. पण मुलाखतीत गप्प बसलेल्या मुलाच्या डोक्यात काय चालले आहे, हे समोरच्याला कसे कळणार? इंग्रजी उच्चारांची धास्ती घेऊ नका. ‘समजले नाही, पुन्हा सांगाल का?’ एवढे मात्र बिनदिक्कत विचारता आले पाहिजे.

सराव फुकटात होतो. पाठ्यपुस्तकातले एक गणित घ्या आणि मित्राला मोठ्याने बोलत सोडवून दाखवा. साइन एक्स भागिले एक्सचा आलेख कॅल्क्युलेटरशिवाय काढा. शून्याजवळ तो १ कडे का जातो, ते सांगा. अर्जात एखाद्या पुस्तकाचे नाव लिहिले असेल तर ते खरोखर वाचा. ऑक्सफर्डच्या मुलाखती २०२० पासून ऑनलाइन आहेत, त्यामुळे टॅबवर स्टायलसने लिहायची सवय हवी. वीज जाण्याची शक्यता धरून मोबाइलचा हॉटस्पॉटही तयार ठेवा.

महागड्या शाळांत असा सराव शिक्षकच करून घेऊ शकतात. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात आठवड्याला एक तास यासाठी देणे अशक्य नाही. निवड झाली नाही तरी तो तास वाया जाणार नाही. टीआयएफआर किंवा आयसरच्या पीएचडी मुलाखतीतही फळ्यासमोर उभे राहून असेच बोलावे लागते.