जुना 'आय-७' की नवा 'आय-३'? आकड्याला भुलू नका

किराणा दुकानदार असो, छापखानेवाला असो की यंत्रमागाचा कारखानदार, संगणकाशिवाय आज कुणाचेच भागत नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, तेव्हापासून तर वहीखाते सांभाळणाऱ्या अनेक लहान व्यापाऱ्यांनाही संगणक दुकानात आणावा लागला. भांडवल थोडे, म्हणून आपले बरेच बांधव मोठ्या कचेऱ्यांतून निघालेला जुना संगणक घेतात. जुना माल घेण्यात कमीपणा नाही आणि विकण्यातही नाही. आक्षेप आहे तो तो ज्या पद्धतीने विकला जातो त्याला. पेटीवर 'आय-७' अशी चिठ्ठी लावायची, 'नव्या आय-३ पेक्षा कितीतरी वरचा' असे सांगायचे आणि ते यंत्र कोणत्या सालचे आहे हे मात्र बोलायचेच नाही. असला सौदा आपल्या बाजारात चालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इंटेल कंपनीच्याच दोन प्रोसेसरांची तुलना करून पाहू. पहिला आय-७ २६००. तो जानेवारी २०११ मध्ये बाजारात आला. दुसरा आय-३ १२१००, जानेवारी २०२२ चा. दोघांनाही चार कोअर आणि आठ थ्रेड. जुन्याचा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ, नव्याचा ३.३. म्हणजे नाव मोठे जुन्याचे, मूळ वेगही किंचित जास्त जुन्याचाच. चिठ्ठी वाचून निर्णय घेणारा गिऱ्हाईक साहजिकच जुन्याकडे वळेल. प्रत्यक्षात एका वेळचे एकच काम दिले तर नवा आय-३ ते जवळजवळ दुप्पट वेगाने उरकतो आणि सगळे कोअर कामाला लावले तर फरक आणखी वाढतो.

हे कसे, ते मालेगाव-भिवंडीच्या कारखानदाराला लगेच कळेल. दोन माग मिनिटाला सारखेच पिक मारत असले, तरी ज्याचा पन्हा मोठा तो तेवढ्याच वेळात जास्त कापड विणतो. गिगाहर्ट्झ म्हणजे मागाचे पिक समजा. एका ठोक्यात किती काम होते, हे त्या आकड्यात दिसत नाही. मधल्या ११ वर्षांत एका ठोक्यात होणारे काम वाढले. प्रोसेसरच्या पोटातली कॅश स्मृती ८ एमबीवरून १२ एमबी झाली. जुन्याला डीडीआर-३ रॅम लागते, नव्याला बोर्डाप्रमाणे डीडीआर-४ किंवा डीडीआर-५ चालते. शिवाय गरजेला नवा ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो, जुना ३.८ वर थांबतो. तेव्हा ३, ५, ७ हे आकडे एकाच पिढीतल्या प्रोसेसरांचा दर्जा सांगतात. दोन वेगळ्या पिढ्या त्या मापाने तोलता येत नाहीत.

पिढी ओळखणे अवघड नाही. 'आय'च्या पुढचा पूर्ण क्रमांक वाचा. दुकानातल्या नेहमीच्या डेस्कटॉप संगणकात हा क्रमांक चार आकडी असेल तर पहिला आकडा पिढीचा, पाच आकडी असेल तर पहिले दोन. २६०० म्हणजे दुसरी पिढी, १२१०० म्हणजे बारावी. क्रमांकाच्या शेवटी 'एफ' अक्षर असेल तर त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते, वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. हा खर्च आधी विचारून घ्यावा.

पिढीचा प्रश्न केवळ वेगाचा नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या इंटेल प्रोसेसरांची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. आय-७ २६०० त्यात नाही. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचे पासवर्ड आहेत, ते सुरक्षेच्या दुरुस्तीविना चालवणे म्हणजे गल्ल्याला कुलूप न लावता घरी जाणे होय.

जुन्या यंत्राची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. दिवसाकाठी पाच-पन्नास बिले एवढेच काम असेल, तर एसएसडी आणि ८ जीबी रॅम बसवलेला जुना आय-७ लिनक्सवर अजूनही नीट चालतो. विजेच्या बिलाचा बाऊही करू नये. कंपनीच्या कागदावर जुना ९५ वॅटचा आणि नवा ६० वॅटचा. हा सगळा फरक रोज १० तास, वर्षाचे ३०० दिवस धरला तरी १०५ युनिट होतात. प्रत्यक्षात बचत त्याहून कमीच, कारण दुकानातला संगणक बराच वेळ रिकामा बसलेला असतो आणि नवाही जोरात चालताना ८९ वॅटपर्यंत जातो. मात्र भरतकामाची डिझाइने, कापडावरची छपाई, लग्नपत्रिकांची मोठी चित्रे असे काम असेल, तर नवा आय-३ घ्यावा. तेवढी ऐपत नसेल तर जुन्यातला निदान आठव्या पिढीचा पाहावा. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या आय-५ ८४०० ला सहा कोअर आहेत.

आता विकणाऱ्यांना दोन शब्द. या धंद्यात आपलीही मुले आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. 'आय-७' च्या चिठ्ठीखाली २०११ साल झाकणे हे ओले धान्य खाली दडवण्यासारखेच आहे. ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क शरीअतने गिऱ्हाइकाला दिला आहे, हेही विसरू नये.

म्हणून विक्रेत्याने बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, त्याचे साल आणि 'जुना' हा शब्द लिहावा. गिऱ्हाइकाने असे बिल मिळाल्याशिवाय पैसे मोजू नयेत. जुना माल जुना म्हणून, वाजवी दामात विकला तर नफाही हलाल होतो आणि गिऱ्हाईकही पुन्हा त्याच दुकानात येतो.