इंग्रजांच्या खोडी आणि आमच्या सवयी

परप्रांती चाकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींच्या बैठकीत इंग्रजांचा विषय निघाला की हटकून दोन पक्ष पडतात. एक त्यांच्या शिस्तीचे गोडवे गातो, दुसरा त्यांच्या विक्षिप्तपणाला हसतो. आमच्या मते दोघेही चुकतात.

हसण्याजोगे पुष्कळ आहे, हे आम्ही मान्य करतो. हा गृहस्थ रस्ता मैलांत मोजतो, पेट्रोल लिटरने भरतो आणि बिअर मात्र पाइंटने मागतो! १६२४ च्या एका ठरावामुळे कॉमन्स सभेच्या सदस्यास सरळ राजीनामा देता येत नाही. म्हणून त्यास चिल्टर्न हंड्रेड्सचा नाममात्र कारभारी नेमतात; हे पद राजाकडील लाभाचे मानले जात असल्याने त्याची जागा आपोआप रिकामी होते. नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ साली देश जिंकला. पण विधेयकास राजाची संमती मिळाल्याचे पार्लमेंटात आजही काही प्रसंगी नॉर्मन फ्रेंच भाषेत जाहीर होते.

परंतु हसणाऱ्यांनी क्षणभर थांबावे. या प्रत्येक खोडीच्या मुळाशी त्यांच्याच इतिहासातला एखादा प्रसंग आहे. शिवाय, संमतीची भाषा राजाची असली तरी १७०८ नंतर कोणत्याही राजाने वा राणीने ती नाकारलेली नाही. टरफल जुने ठेवायचे आणि आतला दाणा बदलायचा, ही त्यांची खरी हातोटी. ती ओळखायची सोडून आम्ही टरफलालाच हसतो किंवा त्यालाच नमस्कार करतो.

आमचे काय? केंद्राचा अर्थसंकल्प सायंकाळी पाच वाजता मांडण्याची इंग्रजी अमदानीतील प्रथा आम्ही स्वातंत्र्यानंतर अर्धे शतक इमानाने पाळली. १९९९ साली ती वेळ सकाळी अकरावर आली, आणि आभाळ काही कोसळले नाही! इंग्रजाची खोड निदान त्याच्या घरची असते. आमची सवय उसनी, आणि धनी निघून गेल्यावरही जपलेली.

याउलट जेथे आम्ही स्वतःच्या डोक्याने विचार केला, तेथे काय घडले? दशमान नाणी आम्ही १९५७ साली स्वीकारली; शिलिंग-पेन्सांच्या हिशेबातून सुटायला इंग्लंडला १९७१ साल उजाडावे लागले. गुरूच्या पुढे चौदा वर्षे गेलेल्या शिष्याने गुरूच्या जुन्या खडावा डोक्यावर वाहाव्यात, याला आम्ही शिस्त म्हणत नाही.

आमचे वाचक बहुतांशी कचेऱ्यांतले. त्यांना आमची एकच विनंती आहे. ‘पूर्वापार चालत आले आहे’ एवढाच आधार असलेली प्रथा टेबलावर आली, तर सही करण्यापूर्वी विचारावे : ती कोणी घातली, कशासाठी घातली, आणि ते कारण आज उरले आहे काय? उत्तर मिळाले तर प्रथा खुशाल पाळावी. न मिळाले तर ती मोडण्याचे धैर्य दाखवावे. इंग्रजांना हसण्याचा अधिकार आम्हांला त्यानंतरच येईल.