चर्चेच्या टेबलावर खुर्ची कुणाला?

'शांतता चर्चा' अशी बातमी दिसली, की आपण कोण काय म्हणालं ते वाचतो. पुढच्या वेळी आधी फोटो नीट बघा. टेबलाभोवती कोण बसलंय आणि कोण नाही? १८ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिका आणि रशियाचे प्रतिनिधी युक्रेन युद्धावर बोलायला रियाधमध्ये भेटले, तेव्हा युक्रेनलाच बोलावणं नव्हतं. याने काय फरक पडतो, ते कळायला दोनशे वर्षं मागे जाऊया.

१७९२ पासून युरोप जवळजवळ सलग लढत होता. आधी फ्रेंच राज्यक्रांतीची युद्धं, मग नेपोलियनची. १८१४ मध्ये तो हरला आणि व्हिएन्नात परिषद भरली. ऑस्ट्रिया, ब्रिटन, रशिया आणि प्रशिया या चौघांनीच सगळं ठरवायचं, असा बेत होता. पण फ्रान्सचा तालेराँ मुरलेला मुत्सद्दी. पोलंड आणि सॅक्सनीवरून चौघांत फाटलं, तसा तो मध्ये शिरला. ३ जानेवारी १८१५ ला ब्रिटन, ऑस्ट्रिया आणि फ्रान्सने गुप्त करारही केला. चाराचे पाच झाले!

नेपोलियन परतला, वॉटर्लूला पुन्हा हरला. मग फ्रान्सला ७० कोटी फ्रँकचा दंड बसला, परकं सैन्य बसलं. तरी देशाचे तुकडे केले नाहीत. १८१८ मध्ये सैन्य निघालं आणि फ्रान्स बड्यांच्या पंगतीत आला. क्रिमियाच्या युद्धापर्यंत, म्हणजे जवळपास चाळीस वर्षं, हे पाच देश आपसात लढले नाहीत. याउलट १९१९ मध्ये व्हर्सायला जर्मनीच्या हातात तयार अटी ठेवल्या गेल्या. वीस वर्षांत पुन्हा महायुद्ध. कारणं इतरही होती, पण तो अपमान हिटलरने पुरेपूर वापरला.

म्हणून काही जण म्हणतात, रशियाशी बोला, त्याला कोपऱ्यात ढकलू नका. मुद्दा चूक नाही, पण अर्धाच आहे. व्हिएन्नात खुर्ची मिळाली ती बड्या फ्रान्सला. बेल्जियमला न विचारता नेदरलँड्सला जोडून टाकलं, पोलंड पुन्हा वाटून घेतला. १८३० मध्ये दोन्हीकडे उठाव झाले. बेल्जियम सुटला, पोलंडचा उठाव रशियाने चिरडला.

आता सांगा, आजचा युक्रेन यातल्या कुणासारखा आहे? फ्रान्ससारखा तर नक्कीच नाही. ज्याच्या जमिनीचा नकाशा बदलायचाय, तोच बाहेर उभा असेल, तर बड्यांची भांडणं थांबतील, त्याचं दुखणं थांबणार नाही. १८१५ मध्ये ज्याला कुणी विचारलं नाही, त्या पोलंडला पुन्हा स्वतंत्र व्हायला १९१८ उजाडलं. करार झाल्याची बातमी येईल, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी सह्या कुणाकुणाच्या आहेत, ते तेवढं बघा.