जोहारच्या पुढची भाषा

दरवर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, व्यासपीठांवरून ‘जोहार!’ असा घोष होतो. टाळ्या पडतात आणि बहुधा पुढची सारी सभा मराठीत किंवा हिंदीत पार पडते. जोहारनंतरचे एखादे वाक्य गोंडीत वा कोलामीत का येऊ नये, असा प्रश्न आपल्याला पडत नाही.

या ‘जोहार’ शब्दाचे भाग्य मोठे विलक्षण! चोखोबांच्या ‘जोहारा’च्या अभंगांत तो गावकुसाबाहेरच्या माणसाने धन्यापुढे वाकून करावयाचा नमस्कार आहे. आज तोच शब्द आदिवासी बांधव ताठ मानेने उच्चारतात. गोंड समाजात ‘जय सेवा’ही ऐकू येते. नमस्काराला मान मिळाला. तो करणाऱ्याच्या मायबोलीला मात्र अजून मिळावयाचा आहे.

वर्धा जिल्ह्याला तर भाषेचे वावडे कधीच नव्हते. राष्ट्रभाषा प्रचार समिती इथे १९३६ साली स्थापन झाली. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला. पवनारच्या विनोबांनी ‘जय जगत्’ हा नमस्कार दिला. आणि त्याच दशकात मरे एमेनो नावाच्या, कॅनडात जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञाने वर्ध्याकडील कोलामांची बोली टिपून घेतली. त्याचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. सातासमुद्रापलीकडच्या ग्रंथालयात वर्ध्याची कोलामी पोहोचली. आपल्या वर्गात ती मागच्या बाकावर गप्प बसलेली असते!

कोलामी म्हणजे मोडकी मराठी, असा एक गैरसमज आहे. कोलामीने मराठीतून पुष्कळ शब्द घेतले हे खरे, पण ती तेलुगूची बहीण शोभावी अशी द्राविडी भाषा आहे. घराला ती ‘एल्ला’ म्हणते, तेलुगू ‘इल्लु’ म्हणते. पाण्याला ती ‘ईर’ म्हणते, तेलुगू ‘नीरु’. २०११ च्या जनगणनेत सबंध देशात कोलामी मातृभाषा सांगणारे १,२८,४५१ लोक होते. गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख. तरीही गोंडीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान नाही.

कोणी म्हणेल, पोटाला भाकरी देईल तीच भाषा शिकावी. म्हणणे खोटे नाही. कोलामाच्या पोराने मराठी आणि इंग्रजी उत्तम शिकलीच पाहिजे. पण पहिलीत बसलेल्या लेकराला बाईंचे बोलणेच कळत नसेल, तर ते पुढे शिकणार कसे? प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे घटनेचे ३५० (क) हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी सांगते. घरची भाषा ही त्या मुलाची अडचण नव्हे, ते त्याचे भांडवल आहे.

मग आपण काय करावे? मोर्चा नको, ठराव नको. आपल्या याच वार्षिकात दरवर्षी चार पाने गोंडी-कोलामीसाठी राखून ठेवावीत. देवनागरीत मजकूर, शेजारी मराठी अर्थ. लिहिणारे आपलेच गोंड आणि कोलाम वर्गमित्र असावेत, लेखाखाली नाव त्यांचे असावे. सुटीत घरी जाल तेव्हा आजीकडून पेरणीचे, पाखरांचे, नात्यागोत्याचे शब्द लिहून आणा. मराठीच्या प्राध्यापकांनी ते पारखून घ्यावेत.

मित्रहो, ‘जोहार’ म्हणणे सोपे आहे. समोरचा त्याच्या भाषेत उत्तर देऊ लागला, तर ते ऐकून घेण्याची आपली तयारी आहे काय?