चांगल्या कागदाचे मोल

‘आधी हात बसू दे, मग महागडे साहित्य आणू,’ हे वाक्य चित्रकलेची आवड असलेल्या बहुतेक मुलांनी ऐकलेले असते. मीही ऐकले होते. एलिमेंटरी परीक्षेची तयारी मी स्वस्त वहीच्या पातळ कागदावर केली. पाणी लागताच तो कागद फुगे, रंगाचा दुसरा हात देताच त्याचे पापुद्रे निघत आणि रंगविलेल्या आकाशात डाग उमटत. जलरंग आपल्याला जमणारे नाहीत, असा निष्कर्ष मी काढला आणि पुढे वाणिज्य शाखेच्या वह्यांत ताळेबंद तेवढे आखत राहिलो.

नोकरीनिमित्त जयपूरला बदली झाली, तेव्हा जवळच्या सांगानेरला जाण्याचा योग आला. तेथील कागजी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनवितात. सुती चिंध्यांचा लगदा जाळीवर उचलायचा, दाबून पाणी काढायचे आणि वाळवायचे. कापसाचे तंतू लांब व बळकट असतात. शिवाय कागदाला नीट खळ दिलेली असली म्हणजे पाणी लगेच शोषले जात नाही. तेथून आणलेल्या जाड कागदावर मी भीतभीत निळा रंग फिरविला. तो सावकाश पसरला आणि डाग न पडता विरत गेला. वीस वर्षांत प्रथमच माझे आकाश आकाशासारखे दिसले. हात तोच होता. दोष कागदाचा होता!

रंगांचेही तसेच आहे. उत्तम प्रतीच्या रंगात रंगद्रव्य अधिक व भुकटीची भर कमी असते. त्यामुळे थोडा रंगही पुरतो. कच्च्या रंगाचा फटका थोरांनाही बसला आहे. व्हॅन गॉगने १८८८ मध्ये रंगविलेल्या आपल्या शयनगृहाच्या भिंती मुळात जांभळट होत्या. त्यांतील तांबडा रंग विटला आणि आज त्या निळ्या दिसतात.

खर्च आणि भांडवल यांतील भेद बँकेत काम करणाऱ्यांना सांगावा लागत नाही. चोवीस स्वस्त रंगांची पेटी हा पुष्कळदा निव्वळ खर्च ठरतो. तांबडा, पिवळा व निळा अशा तीन चांगल्या रंगांच्या ट्यूब, एक टोकदार कुंचला आणि मोजके उत्तम कागद हे भांडवल होय. काटकसर अवश्य करावी. पेन्सिलीच्या सरावाला पाठकोरा कागदही चालतो. परंतु जलरंग हाती देताना मुलाला निदान एक तरी चांगला कागद द्यावा. नाही तर कागदाचा दोष ते मूल जन्मभर स्वतःच्या नावे टाकत राहील.